डेल्मर घोड्यावर बसत नाही

डेल्मर हफस्टेडलर पस्तीस वर्षं बायकोचे घोडे ट्रेलरमध्ये घालून अमेरिकेतल्या ओझार्क डोंगरांच्या जंगलात नेत होता आणि परत आणत होता. या पस्तीस वर्षांत तो स्वतः एकदाही घोड्यावर बसला नाही. त्याला याचं काही वाटत नसे. पिजन फोर्कच्या घोडेस्वारी तळावर येणाऱ्या बाकी सगळ्यांना मात्र फार वाटे.

तो जिल्ह्याच्या रस्ते खात्यात ग्रेडर चालवायचा. पावसाने खडीचे रस्ते उखडले की पातं लावून ते सपाट करत जायचं, ताशी पाच मैल, आणि टोकाला पोचलं की वळून परत यायचं. तोवर सुरुवातीचा भाग पुन्हा उखडलेला असायचा. एकतीस वर्षं त्याने हेच केलं. अशा कामाने माणसाला एक तर वेड लागतं, नाहीतर शांती मिळते. डेल्मरला यातलं नक्की काय झालं, याबद्दल त्याच्या बायकोचं मत आठवड्याआठवड्याला बदलायचं.

बायकोचं नाव नोरीन. गावच्या शाळेचं स्वयंपाकघर तिच्या हातात होतं. चारशे पोरांना ती रोज जेवू घालायची आणि चारशेंशी रोज बोलायची. लग्नाआधी दोघं पहिल्यांदा बाहेर जेवायला गेली, तेव्हा पाव यायच्या आतच तिने विचारलं, "तुला ट्रेलर मागे घेता येतो का?" डेल्मर म्हणाला, "येतो." घोड्यावर बसता येतं का, हे विचारायचं तिला सुचलंच नाही. तिच्या माहेरी पोरं चालायच्या आधी घोड्यावर बसायची. डेल्मरने आपण होऊन सांगितलं नाही. लग्नानंतर तिसऱ्या आठवड्यात गोष्ट उघड झाली, तेव्हा फार उशीर झाला होता.

"भीती वाटते का रे तुला?" तिने तेव्हा विचारलं.

"नाही."

"मग?"

"नको वाटतं."

पुढे पस्तीस वर्षं या विषयावर चर्चा झाली, पण याहून जास्त माहिती काही बाहेर आली नाही.

पिजन फोर्कला ओकच्या झाडीत बावीस जागा आहेत. प्रत्येक जागेत एक ट्रक, एक ट्रेलर, एक चूल आणि घोडे बांधायला दोन खांबांमध्ये ताणलेला दोर, एवढं मावतं. मात्र ट्रेलर आत घालणाऱ्याला ते पटायला वेळ लागतो. शुक्रवारी दुपारी गाड्या यायला लागल्या की नवरा गाडीत, बायको मागे हातवारे करतेय, आणि दोघांचं संसाराबद्दलचं खरं मत सगळ्या तळाला ऐकू येतंय, असा देखावा असतो. मग कोणीतरी म्हणतं, "अरे, डेल्मरला बोलवा." डेल्मर येतो, किल्ली घेतो, आरशात एकदा बघतो आणि ट्रेलर खणात भांडं ठेवावं तसा आत ठेवून देतो. रॉइस टॅकेटच्या ट्रेलरला तर आत बिछाना, बेसिन आणि अंघोळीची जागा होती. त्याचं पशुखाद्याचं दुकान होतं आणि ते चालत असे. तो गेटपाशी आला की काही न बोलता खाली उतरायचा, डेल्मरच्या हातात किल्ली द्यायचा आणि दुसरीकडे बघत उभा राहायचा.

बाकी कामंही डेल्मरचीच. हातपंपावरून पाणी आणायचं, लीद उचलून कुंपणाच्या खड्ड्यात टाकायची, घोड्यांच्या रक्ततपासणीचे कागद जंगल खात्याच्या माणसाला दाखवायचे. सकाळी नऊला सगळे घोड्यांवर खोगीर चढवून निघाले की तो एकच प्रश्न विचारायचा, "कुठली वाट?" झाडांवर रंगाचे पट्टे मारलेले असतात, निळी, पांढरी, केशरी अशा तीन वाटा. ज्याने जी सांगितली ती तो लक्षात ठेवायचा. मग संध्याकाळी चारपर्यंत अख्खा तळ डेल्मरचा असायचा. कोणाचं कुत्रं, कोणाची औषधं, कोणाच्या शेगडीवर मंद आचेवर ठेवलेल्या घेवड्याच्या शेंगा, सगळ्यावर त्याची नजर. चारला तो चुलीपाशी खुर्ची गेटच्या बाजूला वळवून बसायचा. सगळे परत आले की खुर्ची पुन्हा चुलीकडे वळायची. ती तो कशासाठी वळवतो, हे कोणी विचारलं नाही.

रॉइस त्याला सतत डिवचायचा.

"डेल्मर, ग्रेडरची सीट घोड्याहून उंच असते. तिथे एकतीस वर्षं बसलास ना?"

"बसलो."

"मग इथे काय होतं?"

"ग्रेडरला स्वतःचं मत नसतं," डेल्मर म्हणाला आणि कॉफी ओतायला उठला.

लग्नाला पस्तीस वर्षं झाली त्या मे महिन्यात नोरीनने त्याला खेचर भेट दिलं.

शनिवारची संध्याकाळ होती. सगळ्यांनी आपापलं एकेक भांडं आणून लांब टेबलावर मांडलं होतं, मक्याच्या पावाचे चार आणि बटाट्याच्या सॅलडचे पाच प्रकार. नोरीनची मैत्रीण लावोंडा ट्रेलरच्या मागून एक करड्या रंगाचं, लांब कानांचं खेचर घेऊन आली. त्याच्या गळ्यात लाल फीत होती आणि पाठीवर नवं कोरं खोगीर. खेचराच्या चेहऱ्यावर, आपल्याला कशाला तरी बोलावलं आहे पण कारण सांगितलेलं नाही, असा भाव होता.

"याचं नाव डीकन," नोरीन सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली. तिला दुसरा आवाज नव्हताच. "चौदा वर्षांचा आहे, आजवर कोणाला पाडलेलं नाही. लहान पोरं बसतात याच्यावर. डेल्मर, घोडा नको ना तुला? हा घोडा नाही."

टाळ्या झाल्या. सगळे डेल्मरकडे बघत होते. डेल्मर खेचराकडे बघत होता आणि खेचर बटाट्याच्या सॅलडकडे.

"बरं," डेल्मर म्हणाला.

"बस ना मग!" रॉइस ओरडला.

"जेवण गार होईल," डेल्मर म्हणाला आणि ताट घ्यायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे निघून गेल्यावर त्याने डीकनला खरारा केला, पाणी पाजलं, खोगीर चढवलं, कासरा हातात घेतला आणि निळ्या वाटेने चालू लागला. पायी. डीकन मागून. दीड मैलावर दोघं थांबले, कारण डेल्मरला बसावंसं वाटलं आणि बसायला ओल्या दगडाशिवाय काही नव्हतं. त्यापुढच्या खेपेला त्याने आपली घडीची खुर्ची डीकनच्या खोगीरावर आडवी बांधली, एका बाजूला पाण्याची बाटली आणि दुसऱ्या बाजूला पीनट बटरची दोन सँडविचं लटकवली, आणि थेट टर्की ओढ्यापर्यंत गेला. तळापासून साडेतीन मैल. ओढ्याच्या अलीकडे सपाट खडक होता. तिथे त्याने खुर्ची मांडली. एक सँडविच स्वतः खाल्लं. दुसरं डीकनने खाल्लं, कारण डीकनने ते आधीच खायला सुरुवात केली होती.

ही बातमी तळावर पसरायला वेळ लागला नाही.

"बाई गं, नोरीन," लावोंडा म्हणाली, "तू नवऱ्याला बसायला खेचर दिलंस, त्याने खेचरावर खुर्ची बसवली."

"डेल्मर, वरची बाजू बसायची असते!" रॉइस जाता-येता ओरडायचा.

नोरीनला सुरुवातीला राग आला. खोगीर तिने त्याच्या मापाचं शोधून आणलं होतं. दोन आठवडे ती खेचराशी बोलायची आणि डेल्मरशी नाही. मग तिने नाद सोडला. खेचराचं वजन कमी झालं होतं, डेल्मरचंही थोडं झालं होतं, आणि दोघं एकमेकांना शोभत होते.

उन्हाळाभर हे चाललं. नऊला घोडे निघायचे, दहाला वरातीमागून खेचर. डेल्मर दर वेळी ओढ्यापर्यंत जायचा, तासभर बसायचा आणि तीनपर्यंत तळावर परत. ओढा त्याने कधी ओलांडला नाही. ओलांडायचं काही कारण नव्हतं. पलीकडे ओढ्यासारखाच ओढ्याचा दुसरा काठ होता.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी नोरीन, लावोंडा आणि रॉइस तिघं निळ्या वाटेने गेले. सगळ्यात पुढे रॉइस त्याच्या काळ्या घोड्यावर, मध्ये लावोंडा आणि शेवटी नोरीन. नोरीनच्या घोडीचं नाव मेबल. मेबल नऊ वर्षांची, तांबूस, चालीला इतकी मऊ की पाठीवर कॉफीचा कप ठेवला तरी सांडायचा नाही, असं नोरीन सांगायची आणि तिने तसं करूनही बघितलं होतं.

डेल्मर नेहमीप्रमाणे तासाभराने निघाला. हवा कोरडी होती, वाळलेला पाला पायाखाली वाजत होता. ओढा अर्धा मैल राहिला असेल, तेव्हा डीकनने कान पुढे केले आणि थांबला. डेल्मरने वाटेवर पाहिलं. वळणावरून मेबल येत होती, भरधाव. लगाम लोंबत होता, रिकिबी दोन्ही बाजूंनी पोटावर आपटत होत्या, आणि खोगीर रिकामं होतं.

ती त्याच्या खांद्याला घासून पुढे गेली. तिला धरावं हे त्याच्या मनातही आलं नाही. घोडी तळावर जाईल, घोडी नेहमी तळावरच जाते. तो तसाच उभा राहिला. मग त्याला कळलं की आपण उभे नाही, चालतो आहोत, आणि बऱ्यापैकी जोरात. अडुसष्टाव्या वर्षी डेल्मर हफस्टेडलर जंगलात पळत होता आणि त्याच्या मागे खेचर पळत होतं, खेचराच्या पाठीवर खुर्ची खडखडत होती.

ओढ्यापाशी पोचल्यावर त्याला पलीकडून लावोंडाचा आवाज आला. ती रागावलेली होती. डेल्मरला जरा बरं वाटलं. लावोंडा कोणी मेलं असतं तर रागावली नसती.

"नोरीन!" तो ओरडला.

"ओरडू नकोस, इथेच आहे!" झाडीतून उत्तर आलं. "पाय गेलाय माझा!"

डेल्मर पाण्याकडे निघाला आणि कासऱ्याला झटका बसला. डीकन सपाट खडकावर उभा होता. चारही पाय रोवलेले, मान सँडविचाकडे वळवलेली. उन्हाळाभर प्रत्येक खेपेला इथे थांबायचं, खुर्ची उतरायची आणि जेवायचं, हे त्याला शिकवण्यात आलं होतं. शिकलेलं तो विसरणारा नव्हता.

"आज नाही," डेल्मर म्हणाला.

डीकन हलला नाही.

डेल्मरने ओढून पाहिलं. खेचराला ओढण्यातला अर्थ ज्याने ओढलंय त्यालाच कळतो. मग त्याने एक सँडविच काढून डीकनला दिलं आणि दुसरं हातात धरून, बूट न काढता, पाण्यात उतरला. पाणी गुडघ्यापर्यंत आणि बर्फासारखं. खालचे गोटे शेवाळाचे. मधोमध गेल्यावर त्याने कासरा सोडला, कारण पडलो तर एकट्याने पडावं असं त्याला वाटलं. पलीकडे पोचून त्याने मागे वळून पाहिलं. डीकन खडकाच्या कडेला उभा राहून त्याच्याकडे बघत होता. माणूस नेहमी अलीकडे बसतो, आज पलीकडे उभा आहे, याचा तो जरा वेळ विचार करत होता. मग एक सुस्कारा टाकून तो पाण्यात उतरला आणि डेल्मर जिथून गेला होता अगदी तिथूनच, एकेक पाय मोजून ठेवत, पलीकडे आला. आल्यावर त्याने उरलेलं सँडविच मागितलं आणि ते त्याला मिळालं.

नोरीन वाटेच्या कडेला ओकच्या खोडाला टेकून बसली होती. टोपी गेली होती, केसांत पाला होता, उजवा पाय समोर लांब केलेला. बूट घोट्यापाशी फुगून गच्च झाला होता. पलीकडे लावोंडा तिच्या उंच घोड्याचा लगाम दोन्ही हातांनी धरून उभी होती आणि त्याला जे बोलत होती ते रविवारी चर्चमध्ये बोलता आलं नसतं. घोड्याचा वरचा ओठ सुजून एका बाजूला लोंबत होता.

"गांधीलमाश्या," नोरीन म्हणाली. "जमिनीत होत्या. पहिल्याने पाय दिला, दुसऱ्याने उठवल्या, तिसऱ्याला सगळ्यात जास्त चावल्या. तिसरी मी."

"रॉइस कुठे आहे?"

"रॉइसचा घोडा अर्कान्सासला गेलाय," लावोंडा म्हणाली. "रॉइस त्याच्यावर आहे."

डेल्मर नोरीनपाशी गुडघ्यावर बसला. बूट काढायचा नाही एवढं त्याला ठाऊक होतं. त्याने तिच्या गालावरचा पाला काढला. मग काय करावं हे न सुचून दुसऱ्या गालावरचाही काढला.

"रडतोयस की काय?" नोरीन म्हणाली.

"ओढ्याचं पाणी आहे."

"ओढा गुडघ्याइतका आहे, डेल्मर."

तो उठला, डीकनच्या पाठीवरून खुर्ची सोडली आणि नोरीनला उचलून तिच्यात बसवलं. तिने दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले, जरा मागे टेकली आणि म्हणाली, "बरी आहे की खुर्ची."

लावोंडाच्या घोड्यावर तिला चढवणं शक्यच नव्हतं. तो एका जागी उभा राहत नव्हता आणि साडेपाच फूट उंच होता. फोनला तिथे रेंज नव्हती, कधीच नसते. डेल्मरने डीकनला वाटेच्या खालच्या अंगाला, जिथे कड कमरेइतकी उंच होती, तिथे उभं केलं. डेल्मर आणि लावोंडाने नोरीनला खुर्चीसकट उचलून त्या कडेच्या वर आणलं. डेल्मरच्या मापाचं खोगीर होतं, रिकिबी तिला लांब पडत होत्या. ती एका पायावर उभी राहिली, दोघांच्या खांद्यांवर भार दिला आणि तोंडातून शाळेच्या स्वयंपाकघरात कधी न वापरलेला एक शब्द काढून खोगीरात बसली. डीकनने फक्त कान मागे नेले आणि परत पुढे आणले.

तेवढ्यात रॉइस परत आला. त्याचा काळा घोडा फेसाने पांढरा झाला होता आणि रॉइसचा चष्मा नव्हता.

"काय झालं?" रॉइसने विचारलं.

"काही नाही," लावोंडा म्हणाली. "ही खुर्ची घे."

रॉइसने खुर्ची खांद्यावर घेतली. घोड्याने खुर्ची पाहिली आणि मागच्या दोन पायांवर उभा राहिला. दोनदा असं झाल्यावर रॉइस खाली उतरला. मग सगळे तसेच निघाले: पुढे डेल्मर कासरा धरून, मागे डीकनवर नोरीन, तिच्यामागे लावोंडा सुजलेल्या ओठाच्या घोड्याला चालवत, आणि सगळ्यात शेवटी रॉइस टॅकेट, एका हातात चार हजार मैल लांबून आणलेल्या जातीचा घोडा आणि दुसऱ्या हातात घडीची खुर्ची. ओढा ओलांडताना या वेळी डीकन थांबला नाही. सँडविचं संपली आहेत हे त्याने पाहिलं होतं.

अलीकडच्या खडकावर मात्र नोरीन म्हणाली, "जरा थांब." तिचा घोटा दुखत होता. डेल्मरने पाण्याची बाटली दिली. ती पाणी पीत आजूबाजूला बघत होती.

"इथे बसतोस तू?"

"हो."

"रोज?"

"येतो तेव्हा."

"काय बघतोस?"

डेल्मरने हाताने दाखवलं. ओढ्याच्या वर, झाडांच्या शेंड्यांमधून समोरच्या डोंगराची धार दिसत होती. निळी आणि पांढरी वाट तिथे एकत्र येऊन उघड्या खडकावरून जातात. शंभर एक पावलांचा तो तुकडा. तिथून गेलेला प्रत्येक घोडा आणि प्रत्येक टोपी खालून दिसते.

नोरीनने बराच वेळ तिकडे पाहिलं. डेल्मर तिच्या वाटेचा प्रश्न रोज सकाळी का विचारतो, हे तिला पस्तीस वर्षांनी कळलं असावं. निदान तिचा चेहरा तसा झाला.

"मग हात का नाही केलास कधी?" ती म्हणाली.

"केला की. तू लावोंडाशी बोलत होतीस."

मागे रॉइसने खुर्ची एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

तळाच्या गेटापाशी मेबल उभी होती, गवत खात, लगामावर पाय देऊन. जंगल खात्याच्या माणसाने रेडिओवरून रुग्णवाहिका बोलावली. घोट्याची दोन हाडं मोडली होती. एक पट्टी आणि सात स्क्रू बसवले. तरुण डॉक्टरने विचारलं, "घोड्याने पाडलं का?" नोरीन म्हणाली, "माशीने." डॉक्टरने कागदावर काय लिहिलं ते कळलं नाही.

हिवाळाभर नोरीन घरी बसली. बसणं तिला येत नव्हतं. तिने तीन गोधड्या सुरू केल्या आणि एकही पुरी केली नाही. जानेवारीत, बाहेर गोठलेला पाऊस पडत असताना, ती खिडकीतून कुरणाकडे बघत म्हणाली, "मेबल विकून टाकते."

डेल्मर पेपर वाचत होता. "का?"

"वय झालं माझं. सात स्क्रू आहेत पायात. आणि तुला किती त्रास."

"मला कसला?"

"ते टोप्या मोजणं."

डेल्मरने पेपर खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला या विषयावर जास्त बोलावंसं वाटत होतं, आणि काय बोलायचं ते त्याला नीट दिसतही होतं: की वाट बघणं हे त्याच्या हातचं काम होतं, ग्रेडरसारखंच, आणि टोपी दिसली की रस्ता एकदा सपाट झाल्यासारखं वाटायचं, की ते त्रासाचं होतं आणि ते त्याला हवंही होतं. त्याने तोंड उघडलं.

"ट्रेलरला नवे टायर बसवायला दिलेत," तो म्हणाला. "शुक्रवारी मिळतील."

नोरीनने त्याच्याकडे पाहिलं. मग ती आत गेली आणि तिसरी गोधडी उसवायला घेतली, कारण तिचा रंग तिला पहिल्यापासून आवडला नव्हता. मेबल विकण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

एप्रिलमध्ये पिजन फोर्क उघडलं. रेडबडची झाडं गुलाबी झाली होती. डेल्मरने आपला ट्रेलर आत घातला, मग रॉइसचा घातला. नोरीन पायरीवर चढून मेबलवर बसली. पाय आखडत होता, पण बसली. लावोंडा आणि रॉइस वाट बघत उभे होते.

"तुम्ही जा," नोरीन त्यांना म्हणाली. "मी आज डेल्मरबरोबर जाणार आहे. हळूहळू."

लावोंडाने डेल्मरकडे पाहिलं. डेल्मर डीकनचा कासरा सोडत होता.

मग ती दोघं निघाली, नोरीन मेबलवर, डेल्मर शेजारून पायी, मागे डीकन. पहिला मैल छान गेला. दुसऱ्या मैलात डेल्मरच्या लक्षात आलं की नोरीन तळ सुटल्यापासून बोलायची थांबलेली नाही. ती शाळेच्या नव्या मुख्याध्यापकाबद्दल बोलली, लावोंडाच्या सुनेबद्दल बोलली, गोधडीच्या कापडाबद्दल, चर्चच्या छपराबद्दल, आणि मध्येच मेबलशीही बोलली. साडेतीन मैल. ओढ्यावर बसल्यावरही. परतीचे साडेतीन मैल वेगळे. डोंगराच्या धारेवरून या लोकांच्या टोप्या इतक्या सावकाश का जायच्या, याचं कारण डेल्मरला आता उमगलं. घोड्यावर बसलेली माणसं बोलत असतात. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, ती निसर्ग बघतात.

दुसऱ्या दिवशीही नोरीन त्याच्याबरोबर आली. त्या दिवशी ओढ्यावर हरणं पाणी प्यायला यायची वेळ झाली आणि हरणं आली नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठला, नोरीन पंपावर तोंड धूत असताना, डेल्मर लावोंडाच्या ट्रेलरपाशी गेला. हातात कॉफीचा कप होता, तो त्याने तिला दिला.

"लावोंडा," तो हळूच म्हणाला, "आज तिला तू ने."

"का रे? भांडलात?"

"नाही."

"मग?"

डेल्मरने थोडा विचार केला. "तिचा पाय बरा झालाय," तो म्हणाला.

लावोंडाने कॉफीचा घोट घेतला, त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि इतक्या मोठ्याने हसली की डीकनने कान वर केले. "दोन दिवस, डेल्मर! दोनच दिवस! मी अठ्ठावीस वर्षं ऐकतेय."

"म्हणून तर तुला सांगतोय," डेल्मर म्हणाला.

नऊ वाजता तिघं निघाले. नोरीन गेटपाशी वळून म्हणाली, "पांढरी वाट!" त्याने विचारायच्या आधीच. मग ती लावोंडाला काहीतरी सांगत सांगत झाडीत दिसेनाशी झाली, आणि तिचा आवाज त्यानंतरही बराच वेळ येत राहिला. तो पूर्ण थांबल्यावर डेल्मरने डीकनवर खोगीर चढवलं आणि त्यावर खुर्ची बांधली.